माळ, वाळू आणि पक्षी : घनसावंगीच्या गोदाकाठाचा प्रश्न

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याची दक्षिण सीमा गोदावरीने आखलेली आहे. नदीच्या पलीकडे बीड जिल्हा सुरू होतो आणि अलीकडे काठाच्या काळ्या, कसदार जमिनीपासून दूर जावे तशी माती उथळ, मुरमाड आणि बरड होत जाते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यात आहे, पैठणच्या जायकवाडी धरणाचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा याच तालुक्यातून परभणीकडे जातो, आणि त्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस, मोसंबीच्या बागा व कापूस हीच या भागाची आजची ओळख आहे. जालना जिल्ह्यात एकही अभयारण्य नाही आणि जिल्ह्याचे वनाच्छादन भौगोलिक क्षेत्राच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे. त्यामुळे पक्षिसंवर्धन हा विषय निघाला की तो सह्याद्रीच्या जंगलांचा किंवा पैठणच्या जलाशयाचा आहे, घनसावंगीचा नव्हे, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात भारतातील ज्या पक्ष्यांची संख्या सर्वाधिक वेगाने घटत आहे, त्यांतील पुष्कळ पक्षी घनदाट जंगलात राहतच नाहीत. ते उघड्या माळावर, नदीच्या वाळूत आणि कोरडवाहू शेतात राहतात, आणि या तिन्ही गोष्टी घनसावंगीत आहेत. महसुली नोंदीत ‘पडीक’ म्हणून लिहिलेला माळ आणि लिलावाच्या यादीत केवळ घनफळाने मोजली जाणारी वाळू हे सजीवांचे नांदते अधिवास आहेत, हे मान्य करण्यावरच या पक्ष्यांचे भवितव्य अवलंबून आहे. हे काम अभयारण्याबाहेरचे असल्यामुळे ते गाव आणि तालुका या पातळीवरच होऊ शकते.

घट कशी ओळखली जाते

पक्ष्यांची नेमकी शिरगणती करणे बहुतेक जातींच्या बाबतीत अशक्य असते. म्हणून अभ्यासक संख्येऐवजी कल पाहतात, म्हणजे एखादी जात पूर्वीच्या तुलनेत किती वारंवार दिसते याचा हिशेब मांडतात. निरीक्षकांनी ठरावीक वेळ फिरून केलेल्या शंभर याद्यांपैकी पूर्वी किती याद्यांत नीलकंठ आढळत होता आणि आज किती याद्यांत आढळतो, या तुलनेतून त्या जातीची वाढ किंवा घट समजते. देशातील तेरा संस्थांनी एकत्र येऊन ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल याच पद्धतीवर उभा आहे. तीस हजारांहून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ईबर्ड या संगणकीय नोंदवहीत जमा केलेल्या तीन कोटींहून अधिक नोंदींच्या आधारे त्यात ९४२ जातींचा विचार करण्यात आला. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल ठरवता आला, त्यांपैकी ६० टक्के जातींची घट झालेली दिसली; आणि ज्या ३५९ जातींचा अलीकडच्या वर्षांतील कल ठरवता आला, त्यांपैकी ४० टक्के जाती आजही घटत आहेत. १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य देण्यात आले.

या आकड्यांपेक्षाही घटीची विभागणी अधिक बोलकी आहे. मोर, कोकीळ, पारवा यांसारखे माणसाने बदललेल्या परिसराशी जुळवून घेणारे पक्षी वाढत आहेत; फळे आणि मधुरस यांवर जगणारे पक्षीही तुलनेने सुस्थितीत आहेत. उलट गवताळ प्रदेशातील पक्षी, शिकारी पक्षी, स्थलांतरित बदके आणि किनारपक्षी, तसेच कीटक, लहान प्राणी व मृत जनावरे यांवर जगणारे पक्षी घसरणीला लागले आहेत. दसऱ्याच्या दिवशी ज्याचे दर्शन शुभ मानले जाते तो नीलकंठ, म्हणजेच चास, शेताच्या बांधावर आणि तारांवर एकेकाळी सहज दिसत असे. त्याची दीर्घकालीन घट सुमारे ३० टक्के असल्याचे दिसून आल्याने जागतिक धोकासूचीत त्याचे फेरमूल्यांकन व्हावे, अशी शिफारस याच अहवालात करण्यात आली. आंबा-पेरूच्या बागेत पक्ष्यांचा किलबिलाट ऐकू येतो म्हणून पक्षी सुखरूप आहेत असे समजणे त्यामुळे फसवे ठरते. कोणते पक्षी राहिले आणि कोणते गेले, हे पाहावे लागते.

माळरान : जंगल नसलेला, तरीही समृद्ध अधिवास

वर्षाला सुमारे सातशे मिलिमीटर आणि तोही लहरी पाऊस, बेसाल्ट खडकावरचा मातीचा पातळ थर आणि शतकानुशतकांची चराई यांतून मराठवाड्याचे माळरान घडले आहे. पवन्या, मारवेल, कुसळी यांसारखी गवते, मधूनच बोर, हिवर किंवा बाभूळ आणि बाकी मोकळे आकाश, असे त्याचे रूप असते. दाट झाडी नसणे ही या परिसंस्थेची उणीव नसून तिचा स्वभाव आहे. जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्याला दूरवरून येणारा कोल्हा किंवा कुत्रा दिसावा लागतो, आणि उंच झाडे वाढली की त्यांवर बसणाऱ्या कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना अंडी टिपणे सोपे जाते. धाविक, माळटिटवी, चंडोल, डोंबारी, पखुर्डी, तित्तिर आणि लावा हे सारे पक्षी उघड्या जमिनीवर, मातीच्या रंगात मिसळून जाणारी अंडी घालतात. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी माळावर खाली उडत नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उंच गवतातच थव्याने मुक्काम करतात. गवत नाहीसे झाले की त्यांचे अन्न आणि निवारा दोन्ही एकाच वेळी जातात, आणि शेतातील कीड आवरणारा एक विनामूल्य पहारेकरीही जातो.

या माळांवर चार बाजूंनी दडपण आहे. सिंचन आणि यंत्रे आल्यामुळे पूर्वी नांगराखाली न येणारी बरड जमीनही लागवडीखाली आली. मुरूम आणि दगड यांसाठी माळ खणले गेले. मोकाट कुत्र्यांची संख्या वाढली. आणि चौथे दडपण चांगल्या हेतूने आलेले आहे, ते म्हणजे वृक्षारोपणाचे. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात पन्नास कोटी वृक्षलागवडीची मोहीम राबवली गेली, तेव्हा झाडे लावण्यासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणून उघड्या माळांकडेच पाहिले गेले. गिरिपुष्प किंवा सुबाभूळ यांसारखी बाहेरून आणलेली झाडे माळावर लावल्याने जंगल उभे राहत नाही, मात्र गवत दबते आणि गवतावर अवलंबून असलेले पक्षी हटतात. देशपातळीवर पाहिले तर गवताळ क्षेत्र २००५ मध्ये सुमारे १८० लाख हेक्टर होते, ते २०१५ पर्यंत सुमारे १२३ लाख हेक्टरवर आले, अशी माहिती भारताने वाळवंटीकरणविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या चौकटीत दिली आहे. दहा वर्षांत जवळजवळ एक तृतीयांश अधिवास कमी झाल्यावर त्यात राहणारे पक्षी घटले नसते तरच नवल होते.

नान्नजचा धडा

माळरानासाठी महाराष्ट्राने केलेला सर्वांत मोठा प्रयत्न सोलापूरजवळच्या नान्नजचा आहे, आणि त्याचे यश व अपयश दोन्ही घनसावंगीसारख्या तालुक्यांनी समजून घेण्यासारखे आहेत. सुमारे मीटरभर उंचीचा, पंधरा किलोपर्यंत वजन भरणारा आणि वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा माळढोक नान्नजच्या माळावर आहे, हे सोलापूरचे निरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७२ च्या सुमारास निदर्शनास आणले. त्यानंतर १९७९ मध्ये माळढोक पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर इतकी विस्तीर्ण होती, कारण माळढोक दूरदूर भटकतो. मात्र त्या हद्दीत गावे, बाजारपेठा, सिंचित शेती, रस्ते असे सर्व काही आले. जमिनीचे व्यवहार आणि विकासकामे अडली, आणि ज्या शेतकऱ्यांच्या ज्वारीच्या शेतांत हा पक्षी वावरत होता त्यांच्याच मनात त्याच्याविषयी रोष निर्माण झाला. पुढे ही हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावी लागली. तोवर भोवतालची पीकपद्धती बदलली होती, ज्वारी-करडईच्या जागी ऊस आणि द्राक्षे आली होती, विजेच्या तारांचे जाळे पसरले होते आणि माळढोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला समोरचे कमी दिसते, आणि जड शरीरामुळे उडताना ऐनवेळी दिशा बदलता येत नाही. म्हणून उच्च दाबाच्या तारा त्याच्या मृत्यूचे प्रमुख कारण ठरल्या आहेत. आज देशात जंगली अवस्थेतील माळढोक दीडशेच्या आसपास किंवा त्याहूनही कमी मानले जातात आणि ते प्रामुख्याने राजस्थानात आहेत. २०१९ पासून जैसलमेर भागात कृत्रिम उबवणीचा आणि पिलांच्या संगोपनाचा कार्यक्रम सुरू आहे. नान्नजच्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. नकाशावर मोठी रेषा ओढून लोकांची संमती नंतर मिळवण्यापेक्षा, लोकांच्या संमतीने निवडलेले लहान लहान माळ काटेकोरपणे जपणे अधिक टिकाऊ ठरते. नान्नजच्या कुंपणातील राखलेले गवत आजही चंडोल, भोवत्या, काळवीट आणि लांडगे यांना आधार देते, म्हणजे माळढोक जवळजवळ नाहीसा झाला तरी राखलेला माळ वाया गेलेला नाही.

दुसरे उदाहरण वाशीम आणि अकोला जिल्ह्यांतील आहे. तणमोर हा माळढोकाचाच लहान भाऊबंद पावसाळ्यात गवतात प्रजनन करतो, आणि मादीला आकृष्ट करण्यासाठी नर गवताच्या वर पुन्हा पुन्हा उंच उड्या घेतो. २०२१ पासून जागतिक धोकासूचीत तो अतिसंकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या शेवटच्या पायरीजवळचा, मानला गेला आहे. या भागात ‘संवेदना’ या संस्थेने फासेपारधी समाजाबरोबर तणमोराच्या संरक्षणाचे काम उभे केले. पक्ष्यांच्या सवयी, आवाज आणि घरट्यांच्या जागा यांचे पिढीजात ज्ञान ज्या समाजाकडे होते आणि शिकारीमुळे ज्याच्याकडे संशयाने पाहिले जात असे, तोच समाज येथे निरीक्षक आणि राखणदार झाला. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेश सफारी सुरू करून स्थानिक तरुणांना वाटाडे म्हणून काम दिले, हाही त्याच दिशेचा प्रयत्न आहे. माळाचे मोल स्थानिकांच्या उत्पन्नाशी जोडले गेले की ‘पडीक’ हा शिक्का आपोआप सैल होऊ लागतो.

नदीपात्रातील वाळूचे बेट

घनसावंगीचा दुसरा महत्त्वाचा अधिवास गोदावरीचे पात्र आहे. हिवाळा सरताना पाणी ओसरले की वाळूचे उंचवटे आणि बेटे उघडी पडतात आणि नदी सुरय हा करड्या-पांढऱ्या रंगाचा, पिवळ्या चोचीचा व दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी तेथे वसाहत करून वीण घालतो. वाळूत उथळ खळगा करून त्यात तो दोन-तीन अंडी घालतो. काडीकाटकीचे घरटे बांधत नाही. छोटी आर्ली आणि कंठेरी चिखल्या यांचीही वीण अशाच वाळूत किंवा गोट्यांत होते. भर उन्हाळ्यात तापलेल्या वाळूवर अंडी शिजून जाऊ नयेत म्हणून नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर सावली धरून बसतात आणि पोटाची पिसे पाण्यात भिजवून ती थंड करतात. माणसांच्या किंवा कुत्र्यांच्या वर्दळीमुळे जोडी घरट्यावरून उठून थोडा वेळ जरी दूर राहिली, तरी अंड्यांतील जीव मरू शकतो. चारही बाजूंनी पाणी असलेले बेट या पक्ष्यांना म्हणूनच हवे असते. तेथे कोल्हा-कुत्रा पोहोचत नाही. एकेकाळी भारतातील सर्व मोठ्या नद्यांवर सर्रास दिसणारा नदी सुरय २०२० पासून जागतिक धोकासूचीत असुरक्षित गटात आहे, आणि त्याचा आप्त काळ्या पोटाचा सुरय तर संकटग्रस्त आहे.

या घसरणीची तीन कारणे गोदावरीवर एकत्र आलेली दिसतात. पहिले कारण पाणी अडवण्याचे आहे. जायकवाडीच्या खाली गोदावरीवर उच्च पातळी बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली असून जोगलादेवी, मंगरूळ आणि राजाटाकळी हे बंधारे घनसावंगीच्या काठाला लागून आहेत. दुष्काळाने वारंवार पोळलेल्या या भागात साठवलेल्या पाण्याचे महत्त्व कोणीही नाकारणार नाही, आणि २०१२ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळून गेल्याची आठवण ताजी असताना तसे नाकारणे अन्यायाचेच होईल. परंतु बंधाऱ्याचे दरवाजे टाकल्यावर वरच्या बाजूची वाळूची बेटे पाण्याखाली जातात. दुसरे कारण पाणी सोडण्याचे आहे. कोरड्या पात्रात वीण सुरू झालेली असताना वरच्या धरणातून किंवा बंधाऱ्यातून अचानक पाणी सोडले की खालची अंडी आणि पिले एका रात्रीत वाहून जातात. तिसरे कारण वाळूचा उपसा हे आहे. पावसाळ्यात नदीतून वाळू काढण्यास मनाई असते. त्यामुळे उपशाचा सारा भर हिवाळा आणि उन्हाळा यांवर येतो, आणि नदी सुरयाची वीण नेमकी फेब्रुवारीअखेरीपासून मे-जूनपर्यंत चालते. पुराचा धोका आणि नदीचे पुनर्भरण लक्षात घेऊन आखलेल्या नियमांत पक्ष्यांच्या विणीचा हंगाम मोजलाच गेलेला नाही. उपसा बेसुमार झाला की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, आणि त्या काठांच्या दरडीत बिळे करून राहणारे खंड्या, कवड्या खंड्या आणि वेडे राघू यांच्याही जागा जातात. भूजल खाली जाऊन काठच्या विहिरी कोरड्या पडतात ते वेगळेच.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांपेक्षा लहान क्षेत्रातील गौण खनिजांच्या उत्खननालाही पर्यावरणीय परवानगी आवश्यक ठरवली, आणि केंद्र शासनाने २०१६ व २०२० मध्ये वाळू उत्खननाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार लिलावापूर्वी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो, म्हणजे कोणत्या घाटावर किती वाळू साचते आणि ती परत किती भरते याची नोंद ठेवावी लागते. याच अहवालात विणीची बेटे चिन्हांकित करून ती फेब्रुवारी ते जून या काळात उपशातून वगळता येतील, आणि त्यासाठी तालुक्यातील सारे घाट बंद करण्याची गरज पडणार नाही. चंबळ नदीवर पाणचिरा आणि सुरय यांच्या विणीच्या बेटांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्थानिक ग्रामस्थांनाच घरट्यांचे राखणदार नेमण्याचा मार्ग अवलंबला. काही आठवड्यांची राखण, कुत्र्यांना व गुरांना रोखणे आणि पाणी सोडण्याआधीची सूचना एवढ्या मर्यादित उपायांनीही विणीचे यश वाढू शकते, कारण या पक्ष्यांना वर्षभर नव्हे तर तीन-चार महिनेच एका ठरावीक जागेची शांतता हवी असते.

जायकवाडीचे अभयारण्य आणि त्याची मर्यादा

घनसावंगीच्या वरच्या अंगाला असलेल्या जायकवाडीने नदीचे जुने रूप बदलले, हे खरे असले तरी त्याने पक्ष्यांना एक नवा अधिवासही दिला. लालबहादूर शास्त्री यांनी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी या धरणाची पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद असलेला नाथसागर हा जलाशय उथळ आहे. पाणी ओसरताना त्याच्या काठावर उघडी पडणारी गाळपेराची जमीन आणि दलदल यांत पाणवनस्पती, शिंपले आणि कीटक विपुल असतात. १९८६ मध्ये ३४१ चौरस किलोमीटर क्षेत्राला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. रोहित, पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, चमच्या, चित्रबलाक आणि शेकाट्या असे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी येथे नोंदले गेले आहेत. त्यांतील बरेच मध्य आशियाई उड्डाणमार्गाने येतात. हा मार्ग म्हणजे सायबेरिया-मंगोलियापासून हिंदी महासागरापर्यंतचा, तीस देशांना जोडणारा स्थलांतराचा पट्टा होय. मंगोलिया आणि तिबेटच्या पठारावर वीण करणारा पट्टकादंब हिमालय ओलांडताना सात हजार मीटरपेक्षा अधिक उंचीवर उडताना नोंदला गेला आहे. याच गोदावरीवर निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वर हे जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झाले.

परंतु स्थलांतरित पक्षी अभयारण्याच्या हद्दीत बसून राहत नाहीत. नाथसागर तुडुंब भरलेला असेल तर काठाचा उथळ पट्टा बुडतो आणि चिखलात चोच खुपसून अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांना दुसरीकडे जावे लागते. दुष्काळात जलाशय आटला तरीही त्यांना पर्याय लागतो. अशा वेळी घनसावंगी, अंबड, परतूर या तालुक्यांतील बंधाऱ्यांचे फुगवटे, पाझर तलाव, गावतळी आणि कालव्याच्या पाझरामुळे तयार झालेल्या दलदली हाच त्यांचा आधार असतो. एका मोठ्या जलाशयाचे मोल त्याच्या भोवतीच्या लहान पाणवठ्यांच्या जाळ्यावर अवलंबून असते, आणि ते जाळे अभयारण्याच्या कायद्याखाली येत नाही. गावतळ्याचा गाळ काढताना त्याचे सारे काठ उभे आणि खोल न करता एक बाजू उतरती ठेवणे, प्लॅस्टिकचे अस्तर घातलेल्या शेततळ्यांना गावतळ्याचा पर्याय न मानणे आणि काठच्या जुन्या बाभळी तोडू न देणे हे अल्प खर्चाचे उपाय असून त्यांचा लाभ वारकरी, कमळपक्षी, हळदीकुंकू बदक आणि बगळे यांना लगेच होतो.

शिवारातील बदल

माळ आणि नदी यांच्या मधला सर्वांत मोठा पट्टा शेतीचा आहे. ज्वारी, बाजरी, तूर, करडई यांच्या मिश्र शेतीत दाणेही असत आणि कीटकही. हिवाळ्यात येणाऱ्या भोरड्यांचे थवे ज्वारीची कणसे खात, पण त्याच भोरड्या नाकतोड्यांचाही फडशा पाडत. चिमणीसारखे दाणे खाणारे पक्षीसुद्धा पिलांना कीटकच भरवतात, हे लक्षात घेतले तर कापसावरील फवारण्यांचा परिणाम केवळ बोंडअळीपुरता मर्यादित राहत नाही हे स्पष्ट होते. उसाच्या दाट फडात काही पक्ष्यांना आसरा मिळतो, मात्र मोकळ्या जमिनीच्या पक्ष्यांना तेथे स्थान नसते. बांध पेटवणे, बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब तोडणे, रस्तारुंदीकरणात जुने वड जाणे यांमुळे ढोलीत घरटे करणारे नीलकंठ आणि पिंगळे बेघर होतात.

मराठवाड्याच्या आकाशातून गिधाडे नाहीशी होण्याचे कारण मात्र जमिनीत नव्हे तर औषधात सापडले. जनावरांच्या वेदना व सूज कमी करण्यासाठी दिले जाणारे डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या शरीरात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. पांढऱ्या पाठीच्या गिधाडाची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली होती. २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व एसिक्लोफिनॅक या तशाच औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. रायगड जिल्ह्यातील चिरगाव येथे गावकऱ्यांच्या साथीने गिधाडांची वसाहत जपली गेली, हे या काळोख्या कथेतील आश्वासक पान आहे. कारण नेमके शोधले आणि त्यावरच बोट ठेवले तर घट थांबवता येते, हा गिधाडांचा अनुभव सर्व पक्ष्यांना लागू पडतो.

कायद्याने दिलेली साधने आणि गावाची भूमिका

संवर्धन म्हणजे अभयारण्य आणि अभयारण्य म्हणजे बंदी, ही समजूत जुनी झाली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २००२ साली झालेल्या दुरुस्तीने ‘सामुदायिक राखीव क्षेत्र’ ही तरतूद केली. त्यानुसार खासगी किंवा सामूहिक जमिनीचे धारक स्वेच्छेने पुढे आले तर ती जमीन त्यांच्याच व्यवस्थापनाखाली संरक्षित करता येते. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते आणि गावाच्या हद्दीतील प्राणी, वनस्पती, पाणवठे, माळ व त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान लोकजैवविविधता नोंदवहीत लिहावे लागते. याच कायद्याखाली विशेष महत्त्वाची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित होऊ शकते. अनेक ठिकाणी ही नोंदवही सोपस्कार म्हणून एकदा भरली जाते आणि कपाटात राहते. ती दरवर्षी अद्ययावत झाली, तिच्यात विणीची बेटे, भोवत्यांच्या मुक्कामाचे माळ आणि पाणपक्ष्यांची तळी गट क्रमांकांसह नोंदली गेली, तर वाळूघाटाच्या किंवा वृक्षलागवडीच्या प्रस्तावावर हरकत घेण्यासाठी गावाच्या हाती ठोस पुरावा येतो.

येथे एक सामाजिक वास्तव दृष्टीआड करून चालणार नाही. मराठवाड्यातील गायरान हा केवळ चराईचा किंवा पक्ष्यांचा प्रश्न नाही. भूमिहीन दलित आणि भटक्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या गायरान जमिनींच्या हक्कासाठी येथे दीर्घ लढा झाला आहे, आणि एकनाथ आवाड यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्याला बळ दिले. पक्ष्यांच्या नावाखाली या कुटुंबांना हुसकावून लावणारे संवर्धन अन्यायाचे होईल आणि नान्नजप्रमाणे लोकांचा विश्वासही गमावेल. संरक्षणाचा भार कसलेल्या तुकड्यांवर न टाकता उरलेल्या सलग गवताळ क्षेत्रावर टाकला पाहिजे. मेंढपाळ आणि गुराखी यांना चराईतून हद्दपार न करता पावसाळ्यात वीण चाललेली असताना काही भाग आळीपाळीने मोकळा सोडण्याची पद्धत स्वीकारली पाहिजे, आणि गवताच्या कापणीचा हक्क गावातील गरजू कुटुंबांना दिला पाहिजे. चराई पूर्ण थांबली तर गवत झुडपांनी व्यापले जाते आणि अतिचराईने ते उजाड होते. दोन्ही टोकांच्या मधले संतुलन चारणाऱ्यांच्या सहभागाशिवाय राखता येत नाही.

गणना हे या कामाचे दुसरे अंग आहे. पक्षिनिरीक्षक जेथे कमी, तेथे याद्याही कमी, आणि याद्या कमी म्हणून तेथील घट राष्ट्रीय अहवालात उमटत नाही. मोठ्या शहरांपासून दूर असलेल्या तालुक्यांचे हे दुहेरी नुकसान असते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते, आणि पक्षिमित्र मारुती चितमपल्ली व सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. चितमपल्लींच्या ‘पक्षिकोशा’मुळे मराठीत पक्ष्यांच्या नावांचा भक्कम आधार उपलब्ध आहे. तालुक्यातील शाळा-महाविद्यालयांनी चार ठरावीक जागा निवडून, म्हणजे एक बंधारा, एक गावतळे, एक माळ आणि एक कोरडवाहू शिवार, तेथे वर्षातून दोनदा त्याच पद्धतीने नोंदी केल्या, तर दहा वर्षांत घनसावंगीचा स्वतःचा कल हाती येईल आणि कोणता उपाय लागू पडला हेही कळेल.

यासाठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. कालव्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक पाटबंधारे विभागाकडे असते, वाळूघाटांची यादी महसूल विभागाकडे असते, गायरानाची नोंद तलाठ्याकडे असते आणि पक्षी कोठे अंडी घालतात हे कोळी, मेंढपाळ व शेतकरी यांना ठाऊक असते. ही चार प्रकारची माहिती एका ग्रामसभेत एकत्र आली की निर्णय घेता येतो. गोदाकाठच्या गावांनी विणीपूर्वी, म्हणजे जानेवारीच्या ग्रामसभेत, त्या वर्षीची राखायची बेटे आणि माळ ठरवून तसा ठराव तहसील कार्यालयाला व पाटबंधारे विभागाला पाठवावा आणि जूनअखेर त्याचा हिशेब पुन्हा ग्रामसभेत मांडावा. अभयारण्य नसलेल्या तालुक्यातही पक्ष्यांचे संरक्षण होऊ शकते. ते सुरू करण्याचा अधिकार आणि ते पार पाडण्याचे ज्ञान ही दोन्ही आज गावांजवळच आहेत.